किल्ली कुणाकडे असते?
रत्नागिरी-सिंधुदुर्गातली छोटी संग्रहालयं बघायला जाताना

मे महिन्यात आणि गणपतीत मुंबई-पुण्याहून कोकणात उतरणाऱ्या गाड्यांचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. मालवणात सुरमईची थाळी, तारकर्लीला पाण्यातले खेळ, गणपतीपुळ्याला दर्शन, परतताना आंबे-काजू-कोकम. याच रस्त्यांवर पिंगुळी आहे, मालगुंड आहे, सावंतवाडीचा राजवाडा आहे, रत्नागिरीत थिबा राजवाडा आहे. गाड्या तिथून पुढे निघून जातात. ज्यांना थांबायची बुद्धी होते, त्यांच्यातलेही निम्मे बंद दाराला हात लावून परततात आणि उरलेले दहा मिनिटांत 'बघून झालं' म्हणत बाहेर पडतात.

दोन्ही प्रकारांना आपली शहरी सवय कारणीभूत असते. मुंबईच्या मोठ्या वस्तुसंग्रहालयात तिकीट खिडकी असते, बाण असतात, प्रत्येक वस्तूखाली पाटी असते. कुणाशी एक शब्द न बोलता तीन तास काढता येतात. गावातल्या संग्रहालयात खिडकी, बाण, पाटी आणि पहारेकरी या सगळ्यांचं काम पुष्कळदा एकटा माणूस किंवा एक कुटुंब बघतं. तो माणूस बागेत शिंपणं करायला गेलेला असू शकतो, बँकेत असू शकतो, शेजारच्या गावात बारशाला गेलेला असू शकतो. तेव्हा वस्तू बघण्याआधी हा माणूस गाठायचा, सगळं नियोजन त्याच्याभोवती करायचं.

फोन कसा करावा, इथून सुरुवात करू. इंटरनेटवर दिलेल्या वेळा म्हणजे अंदाज समजा. आदल्या दिवशी फोन करा आणि निघताना पुन्हा एकदा करा. 'उद्या उघडं आहे ना?' असं विचारलं की कोकणात उत्तर एकच येतं, 'होय तर, या की.' त्यात खोटं काही नसतं, पाहुण्याला नाही म्हणायची रीत नाही इतकंच. त्याऐवजी विचारा, 'उद्या सकाळी दहाला तुम्ही स्वतः असाल का? नसाल तर दाखवायला कोण असेल?' या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं. आपण किती जण आहोत, त्यात मुलं किती, किती वेळ थांबणार हेही तेव्हाच सांगून टाका.

सरकारी संग्रहालयांना बहुधा सोमवारी सुट्टी असते. खाजगी ठिकाणी सुट्टीचा वार पाळतीलच असं नाही, पण दुपारी एक ते चार या वेळेत कुणाचंही दार वाजवू नये. जेवून जरा पडायची ती वेळ. घरातच संग्रहालय असेल तर सोयर-सुतकात ते बंद राहणार, त्याला इलाज नाही. गौरी-गणपतीचे दिवस आणि शिमग्यात पालखी घरोघरी फिरते ते दिवस चाकरमान्यांना सोयीचे असतात खरे, पण ज्यांच्याकडे जायचं त्यांचंही घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. त्या दिवसांत सरकारी ठिकाणं बघा, घरगुती पुढच्या खेपेला ठेवा. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात. एका वेळी दोन बसगाड्या रिकाम्या झाल्या की छोट्या दालनात काहीच दिसत नाही, म्हणून त्या महिन्यांत सकाळी लवकर पोचावं.

नंबरच मिळाला नाही तर गावात जाऊन पहिल्या किराणा दुकानात किंवा चहाच्या टपरीवर विचारायचं, 'किल्ली कुणाकडे असते?' संग्रहालय कुठे आहे हे विचारण्यापेक्षा हा प्रश्न कामाचा ठरतो. किल्लीवाला कुठे आहे, केव्हा येईल आणि आत्ता त्याला हाक मारायला कोण जाईल, हे सगळं दोन मिनिटांत ठरतं. ग्रामपंचायतीच्या कार्यालयातही चौकशी करता येते, पण तिथे ज्याला ठाऊक असेल तो नेमका बाहेर गेलेला असतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

एसटीने जाणार असाल तर उतरताना कंडक्टरला परतीची शेवटची गाडी विचारून घ्या. आत जाणाऱ्या मार्गांवर दिवसाची शेवटची गाडी पुष्कळदा वस्तीची असते. ती गावात येते आणि सकाळीच परत निघते. रिक्षा केलीत तर थांबण्याचे पैसे आधीच बोलून घ्या. खिशात दहा-वीस-पन्नासाच्या नोटा ठेवा, कारण फोनवरून पैसे देण्याची सोय असली तरी रेंज असेलच असं नाही.

आता ठिकाणं. मला विचाराल तर सुरुवात पिंगुळीपासून करावी. कोकण रेल्वेच्या कुडाळ स्टेशनावर उतरलं की कुडाळ-वेंगुर्ले रस्त्यावर रिक्षाने हे गाव जवळ आहे. इथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या कला पिढ्यान् पिढ्या सांभाळल्या. सावंतवाडी संस्थानचा त्यांना आश्रय होता. पुढे आश्रय गेला, सिनेमा-टीव्ही आले, पोथ्या माळ्यावर गेल्या. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याची जागा साफ करून तिथे 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

इथे चित्रं भिंतीवर बघून पुढे सरकू नका. चित्रकथीत एका आख्यानाची सगळी चित्रं मिळून एक पोथी होते. चित्रं सुट्या कागदांवर काढलेली असतात आणि दोन-दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कथा सांगणारा जमिनीवर बसतो, एक चित्र लोकांसमोर उभं धरतो आणि रामायण-महाभारतातला प्रसंग गात, बोलत, मध्येच पात्राचा आवाज काढत सांगतो. साथीला वीणा, टाळ, हुडूक. प्रसंग संपला की पान उलटायचं, मागे पुढचा प्रसंग तयार असतो. माणसं बहुतेक एका अंगाने काढलेली, डोळा मोठा आणि टक्क उघडा, हात काहीतरी करण्याच्या बेतात. नुसतं चित्र बघितलं तर दोन योद्धे आणि एक रथ एवढंच कळतं. कोण कुणावर का धावून जातोय ते गाणाऱ्याच्या तोंडून येतं, आणि मग तोच मोठा डोळा रागावलेला दिसायला लागतो. जुन्या पानांच्या कडा जवळून बघा. हाताळून हाताळून त्या काळवंडलेल्या असतात. पोथी किती वेळा उलटली गेली असेल त्याचा अंदाज तिथे येतो.

म्हणून पिंगुळीत विनंती एकच करायची: 'एखादा प्रसंग सांगाल का?' दोघं-तिघं गेलात तरी एवढं विचारायला हरकत नाही. बाहुल्यांचा पूर्ण खेळ हवा असेल तर मात्र आधी ठरवून, दहा-पंधरा जण मिळून जावं आणि मानधन किती ते फोनवरच मोकळेपणाने विचारावं. पडदा बांधायचा, दिवा लावायचा, साथीदार बोलवायचे, या सगळ्याला माणसं आणि वेळ लागतो. 'आलोच आहोत तर पाच मिनिटांत जरा नाचवून दाखवा' हे बोलणं तिथल्या लोकांनी किती वेळा ऐकलं असेल कुणास ठाऊक. कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्या हातात घेऊन बघायच्या असतील तर आधी विचारा. दोरा गुंतला की सोडवायला किती वेळ जातो, ते बाहुली हातात घेतल्यावर कळतं. मुलं बरोबर असतील तर छायाबाहुल्यांच्या पडद्यामागेही त्यांना न्यायची परवानगी मागा. पुढून हरणासारखं काहीतरी दिसतं, मागे गेल्यावर कातड्याला पाडलेली बारीक भोकं दिसतात.

चित्रकथीची चित्रं पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही आहेत. पिंगुळीला जाऊन आल्यावर ती पुन्हा बघा.

पिंगुळीहून दक्षिणेला सावंतवाडी. रेल्वेचं 'सावंतवाडी रोड' स्टेशन गावात नसून मळगावला आहे, तेव्हा रिक्षाचा हिशेब धरून निघा. मोती तलावासमोर राजवाडा आहे आणि त्यात गंजिफा. गोल पत्त्यांचा हा खेळ. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पाने: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहिल्यापर्यंत. एकूण १२० पाने. मत्स्याच्या रंगात मासे मोजायचे, कूर्माच्या रंगात कासवं, परशुरामाच्या रंगात परशू. दिवसा खेळ मांडला तर रामाच्या रंगाला मान आणि रात्री मांडला तर कृष्णाच्या. ही कला जवळजवळ संपली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी उरल्यासुरल्या जुन्या चितारींकडून ती स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यात पुन्हा सुरू केली. आजही कारागीर तिथे बसून काम करतात.

कारागीर काम करत असेल तर घाई न करता उभे राहा, पण उजेडाच्या बाजूला नको. कुंचला टेकत असताना प्रश्न विचारू नये; तो उचलला की विचारावा. हाताने रंगवलेलं पान कसं ओळखायचं? एकाच रंगाची दोन पानं शेजारी ठेवा. छापलेल्या पानांवरचे मासे हुबेहूब सारखे असतील, रंगवलेल्या पानांवर एखाद्याची शेपूट जरा वर गेलेली, एखाद्याचं तोंड जरा मिटलेलं. पूर्ण संच महाग पडतो आणि तो महाग असणं रास्त आहे, १२० चित्रं आहेत ती. तेवढी ऐपत नसेल तर छोटी वस्तू घ्या, पण भाव पाडू नका. राजवाड्यातून निघून चितारआळीत लाकडी खेळणी आणि फळं बघता येतात. तिथे दुकानदारांशी घासाघीस करायची असेल तर करा, दुकानदारांना सवय आहे.

सिंधुदुर्गातली सगळ्यात जिवंत कला मात्र कुठल्याच इमारतीत ठेवलेली नाही. कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्री दशावतारी नाटक उभं राहतं. मालवणीत त्याला धयकालो म्हणतात. लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली आणि संवाद जागच्या जागी. स्त्रीपात्रं पुरुष करतात. कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले या तालुक्यांत मुक्काम असेल तर खानावळीतच विचारा, 'आज जत्रा खंयची?' बसायला चादर, अंगावर स्वेटर आणि परतीची सोय एवढं पाहिजे, कारण नाटक पहाटेपर्यंत चालतं. खेळाच्या आधी कलावंत पेटी उघडून आपापला रंग आपणच लावत असतात. परवानगी घेऊन ते बघायला मिळालं तर नाटकाइतकंच मोलाचं. फक्त तोंडासमोर मोबाइल धरू नका.

रत्नागिरीची तऱ्हा वेगळी. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं आणि पुढच्याच वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा त्याला १९१० च्या सुमारास मिळाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. म्हणजे आयुष्यातली तीस वर्षं राजा रत्नागिरीकर होता आणि त्यातली जेमतेम सहा या राजवाड्यात गेली. हे गणित डोक्यात ठेवून वाडा बघा. उतरती छपरं, लाकडी कोरीव काम, वरच्या मजल्यावरून दिसणारी खाडी हे सगळं बघताना, उरलेली चोवीस वर्षं हा माणूस घराची वाट बघत होता हे आठवतं. दालनातल्या मूर्ती वगैरे चांगल्या आहेत, पण मला तिथे इमारतच जास्त बोलकी वाटते. बहुतेक पर्यटक इथूनच परत फिरतात. शहरात शिवाजीनगर भागात थिबाची समाधी आहे, तिथेही जा. २०१२ साली म्यानमारचे, म्हणजे ब्रह्मदेशाचे, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन या समाधीपाशी येऊन गेले होते. आणि जुन्या रत्नागिरीकरांकडे टुटूचा विषय काढा. थोरल्या राजकन्येची ही मुलगी याच गावात वाढली, मराठी बोलत संसार केला. तिची हकीकत दालनातल्या पाटीपेक्षा एखाद्या ओट्यावर जास्त चांगली कळते.

त्याच दिवशी टिळकांचं जन्मस्थान बघून होतं. मुलं असतील तर झाडगावच्या मत्स्यालयात न्या. तिथला देवमाशाचा सांगाडा बघितल्यावर त्यांना आणखी काही दाखवायची गरज उरत नाही.

गणपतीपुळ्याला जाणाऱ्यांनी शेजारच्या मालगुंडसाठी दीड तास वेगळा काढावा. केशवसुतांचा जन्म १८६६ साली इथे झाला. कोकण मराठी साहित्य परिषदेने, मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने, इथे स्मारक उभं केलं आणि १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. कौलारू घर, परिसरात लावलेल्या कविता आणि मराठी कवींची ओळख करून देणारं दालन असं हे ठिकाण आहे. सगळं वाचायला जाऊ नका. शाळेत पाठ केलेली एक कविता शोधा, ती तिथे उभं राहून मोठ्याने म्हणा, लाज वाटली तर मनात म्हणा. गणपतीपुळ्याचं 'प्राचीन कोकण' याच्या उलट आहे: जुन्या गावगाड्याचे माणसाएवढे पुतळे, बरोबर चालणारा मार्गदर्शक, ठरलेली फेरी. मला पुतळे फारसे आवडत नाहीत. पण बलुतेदार म्हणजे कोण हे शहरातल्या मुलाला अर्ध्या तासात समजवायचं असेल तर याहून सोपी जागा नाही. श्यामची आई वाचून ज्यांचे डोळे पाणावले असतील त्यांनी दापोली तालुक्यातलं साने गुरुजींचं पालगड यादीत घालावं.

कातळशिल्पांबद्दल थोडं अधिक लिहितो, कारण तिथे चुकीच्या वेळी जाणारे फार. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, जांभ्या दगडात खोदलेली ही चित्रं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. रत्नागिरी जिल्ह्यातली सात ठिकाणं, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसईमाळ मिळून नऊ स्थळं. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. देवाचे गोठणे इथे होकायंत्र न्या. चित्राजवळ ठेवलं की सुई भलतीकडे वळते. पण भर दुपारी गेलात तर यातलं काहीही दिसणार नाही. खोदाई उथळ आहे, ऊन डोक्यावर असलं की सावली पडत नाही आणि चित्र दगडात विरून जातं. सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर जा, तिरप्या उजेडात रेषा उठून येतात. पावसाळ्यात पाणी आणि नंतर गवत, म्हणून दिवाळीनंतर गवत वाळलं की जावं. चित्रावर पाय देऊ नये. फोटो चांगला यावा म्हणून रेषांत खडू किंवा रांगोळी भरणारे महाभाग आहेत, त्यांच्यात आपली गणना होऊ देऊ नका. गावातला माणूस बरोबर घ्या, त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. सड्यावर सावली नाही, पाणी नाही, आणि परतीची पायवाट येतानाच्या पायवाटेसारखी मुळीच दिसत नाही.

फोटोचा नियम सगळीकडे एकच धरा: आधी विचारा, फ्लॅश बंद. कागदावरच्या जुन्या रंगांना प्रखर उजेड सोसत नाही.

पैशांबद्दल आपण उगाच संकोचतो. तिकीट नसेल तर दानपेटी बघा, पेटी नसेल तर सरळ विचारा, 'देणगी कुठे द्यायची? पावती मिळेल का?' पावती मागण्यात अविश्वास नाही. नोंदणीकृत संस्थेला उलट ती फाडायला बरं वाटतं, कारण आलेल्या देणग्यांचा हिशेब ठेवावाच लागतो. घरगुती ठिकाणी चहा येतो. तो घ्या, पण त्याला प्रवेशशुल्क समजून मोकळे होऊ नका. जेवायची सोय हवी असेल तर फोन करताना सांगा. 'काहीही चालेल' म्हणू नका, शाकाहारी किती आणि मासे खाणारे किती ते सांगा.

अभिप्रायाच्या वहीत 'खूप छान, अवश्य भेट द्या' या ओळीची पानंच्या पानं भरलेली असतात. त्याऐवजी दोन उपयोगाच्या ओळी लिहा: कोणती वस्तू आवडली, कुठली पाटी वाचता आली नाही, स्टेशनावरून यायला काय अडचण आली. अनुदानाचा अर्ज करताना संस्था या वह्या पुढे ठेवतात, आणि तिथे असली नोंद कामाला येते.

शेवटची सूचना, घरात जुन्या वस्तू असलेल्या वाचकांसाठी. गावचं घर पाडायला काढलं की तांब्याचं घंगाळ, जातं, पायली, आजोबांची पेटी गाडीत घालून 'संग्रहालयाला देऊन टाकू' म्हणत लोक निघतात. असं न विचारता नेऊ नका. बहुतेकांकडे पाच-पाच जाती आधीच पडून असतात आणि पावसाळ्यात ती झाकायलाही जागा नसते. फोटो पाठवून हवं आहे का ते विचारा. हवं असेल तर वस्तूबरोबर एक कागद द्या: वस्तूचं घरातलं नाव, ती कोण वापरत असे, कशासाठी, कुठल्या गावात, साधारण कोणत्या वर्षापर्यंत, कुठे दुरुस्त केली. आई-आत्या-मावशी हयात असतील तर त्यांच्याकडून हे आजच लिहून घ्या. वस्तू पोचती केल्यावर त्यांच्या नोंदवहीत तिचा क्रमांक पडला का ते बघा आणि तो क्रमांक घरच्या कागदपत्रांत लिहून ठेवा.